कवड्या आणि राजाचा अंगठा

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठच्या पोदन नगरीत रणंजय नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्माला आला. वयात आल्यावर वडिलांचे पद त्याच्याकडे आले. तो न्यायाने वागे, बेताचे बोले, आणि नावे ठेवायला त्याने लोकांना एकच जागा ठेवली होती. त्याला साप बघायचा नाद होता.

सकाळी लोक नदीवर स्नानाला निघत, तेव्हा हा जुन्या तटाच्या भिंतीपुढे मांडी घालून बसलेला असे. कोणता साप कुठे राहतो, काय खातो, अंडी कुठे घालतो, कात कशी टाकतो, हे तो बघत राही. तो साप मारीत नसे, धरून घरी आणीत नसे, नुसता बघे. त्याची पत्नी शेजारणींना सांगे, "आमच्याकडे पाहुणे यायला घाबरतात, आणि यांना वाटतं पाहुण्यांचंच काहीतरी चुकतंय."

त्या भिंतीतल्या रहिवाशांत बोधिसत्त्वाला सर्वांत आवडे तो कवड्या साप. पिकल्या करवंदासारखे अंग आणि त्यावर हळदीच्या रंगाचे आडवे पट्टे. दिवसभर फटीत वेटोळे घालून झोपायचे आणि दिवेलागणीला पाली धरायला बाहेर पडायचे, एवढाच त्याचा उद्योग. विषाचा थेंब अंगात नाही. पण दुर्दैव असे की मण्यारीच्या अंगावरही पट्टे असतात, आणि मण्यार चावली तर माणूस पुढची सकाळ पाहत नाही. त्यामुळे पट्टे दिसले की लोक काठी घेऊन धावत. ते पट्टे कुणाचे आहेत हे बघायला कोणी थांबत नसे.

आता राजाविषयी. रणंजय शूर होता. रणात मदमस्त हत्ती अंगावर आला तरी तो जागचा हलत नसे. पण त्याच्या मनात एकदा अढी बसली की ती हत्ती लावूनही निघत नसे. त्याचा धाकटा भाऊ चित्रसेन एके दिवशी सभा उठल्यावर सहज सिंहासनावर जाऊन बसला, इकडेतिकडे सरकला आणि तेवढ्यात आत आलेल्या राजाला हसत म्हणाला, "दादा, ही गादी फार टोचते रे. इतकी वर्षं तू बसतोस तरी कसा?"

राजाला हसू आले नाही. त्याला त्या सिंहासनावर बसलेला भाऊ तेवढा दिसला. त्याने चित्रसेनाला नदीपलीकडच्या कोटात नेऊन ठेवले आणि भर सभेत सांगितले, "माझ्या जिवात जीव आहे तोवर हा नदी ओलांडणार नाही." राणी इरावतीने परोपरीने विनवले. बोधिसत्त्वाने दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला विषय काढला. राजा ऐकून घेई, मान डोलावी आणि शिकारीच्या गप्पा सुरू करी. शिकारीसाठी त्याने गावाचे गायरानही कुंपण घालून घेतले होते, आणि गुराखी रोज त्या कुंपणाशी उभे राहून राजाला तोंडभर दुवा देत नसत, हे सांगायला नको.

एके संध्याकाळी दासी दिवे लावीत होत्या. राजा आपल्या दालनात पलंगावर बसून पायाने खडावा चाचपत होता. एक खडाव सापडली. दुसरीच्या जागी काहीतरी गार आणि मऊ लागले, आणि लगेच अंगठ्याला कडकडून डंख बसला. राजाने पाय वर घेतला आणि खाली पाहिले. एक पट्ट्यापट्ट्यांचा साप पलंगाखाली शिरत होता.

"मण्यार!" राजा ओरडला. रणांगणावर तीन दळांना ऐकू जाणारा तो आवाज होता. सगळा वाडा दालनाकडे धावला.

शेजारच्या दालनात बोधिसत्त्व लोकांचे अर्ज ऐकत बसला होता. तोही धावत आला. बाकीचे सगळे राजाभोवती गोळा झाले. बोधिसत्त्वाने कोनाड्यातला दिवा उचलला, गुडघे टेकले आणि तो सरळ पलंगाखाली शिरला. कुठला साप चावला हे कळल्याशिवाय उपाय करायचा तरी कशावर, असा त्याचा सरळ विचार होता. पण पाहणाऱ्यांना दिसले ते एवढेच, की राजा मरणाच्या दारात आहे आणि अमात्य पलंगाखाली लपला आहे.

तेवढ्यात विषवैद्य कालकंठ आला. भरदार छाती, कपाळभर भस्म आणि आवाज असा की शंखाने कान झाकावेत. राजाचा अंगठा दुरूनच बघून त्याने डोळे मिटले.

"मण्यार! साक्षात मण्यार! विष घोट्यापर्यंत चढलंय. पण घाबरू नका, मी आलोय." आणि त्याने मंत्र सुरू केला.

"जो मला वाचवील," राजा क्षीण स्वरात म्हणाला, "त्याला अर्धं राज्य दिलं." मंत्राचा आवाज दुप्पट झाला.

पलंगाखाली बोधिसत्त्व कोपराकोपराने पुढे सरकत होता. डोक्यावर पलंगाची नवार, नवारीच्या वर राजा, आणि राजाच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द त्याला ऐकू येत होता.

"गुराख्यांचं गायरान सोडा," राजा म्हणाला. "उद्याच कुंपण काढा. वर जाऊन देवाला मी काय तोंड दाखवू?"

"होय महाराज," कोणीतरी रडत म्हणाले.

"इरावती कुठे आहे? इरावती, मला क्षमा कर. तू हौसेने करतेस ती शेवग्याच्या फुलांची भाजी मी कधी खाल्लीच नाही. तुझी पाठ वळली की खिडकीतून हरणाला घालतो."

थोडा वेळ नुसता मंत्रच ऐकू आला. मग राणी म्हणाली, "तरीच ते हरीण इतकं सुटलंय."

"आणि चित्रसेन..." इथे राजाचा आवाज खरोखरच फुटला. "माझा लहान भाऊ. गादी टोचते म्हणाला. टोचतेच ती. मलाही टोचते, पण राजाने तसं म्हणायचं नसतं. स्वार पाठवा. कोट उघडा. त्याला इकडे आणा, मला एकदा बघू द्या."

स्वार तत्काळ निघाल्याचे टापांवरून कळले. बोधिसत्त्वाचे डोळे पलंगाखालच्या धुळीत भरून आले. जे त्याला इतक्या अमावास्या आणि पौर्णिमा बोलून साधले नव्हते, ते एका डंखाने झाले होते. त्याने डोळे पुसले, दिवा वर धरला, आणि भिंतीवर त्याला साप दिसला.

साप उभ्या भिंतीवर अर्धा चढून, गिलाव्याच्या फटीला बिलगून राहिला होता. त्याच्या तोंडात एक पाल होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. वाड्यात एवढा हलकल्लोळ चालला होता, पण त्याचे जेवण थांबले नव्हते. बोधिसत्त्वाने त्याला मानेपासून शेपटीपर्यंत नीट न्याहाळले. मानेवरचा पहिला पट्टा रुंद, गळ्यात बांधल्यासारखा. पुढे पट्टे बारीक आणि फिके होत शेपटीकडे विरून गेलेले. मण्यारीचे नेमके उलट असते. तिचे पट्टे मानेकडे नसल्यासारखे आणि शेपटीकडे ठळक, शिवाय पाठीच्या कण्यावर मोठ्या खवल्यांची एक ओळ. इथे ती ओळ नव्हती. शंकेला जागाच नव्हती. हा कवड्या होता.

बोधिसत्त्व आनंदाने बाहेर निघणार, तोच पलंगाची झालर उचलून राणी इरावती आत वाकली. डोक्यावरचा पदर जमिनीला टेकला होता.

"अमात्य," ती कुजबुजली, "मण्यारच आहे ना?"

"नाही राणीसाहेब. कवड्या आहे. महाराजांना काहीही होणार नाही."

राणीने एक मोठा निःश्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की दिव्याची गरज वाटेना. पण लगेच ती विचारात पडली, आणि आणखी थोडी आत सरकली.

"मग एक करा. इतक्यात सांगू नका."

"म्हणजे?"

"त्यांना अजून थोडा वेळ मरू द्या. स्वार आत्ताच गेलाय. एकदा चित्रसेनभावोजी नावेत बसले, अलीकडे आले, वाड्यात पोचले की मग सांगा. त्याआधी कळलं तर हे उठून बसतील आणि सगळं परत घेतील. मी यांना ओळखते. गेल्या थंडीत यांना ताप आला, तेव्हा माझ्या माहेरी मोत्यांचा हार पाठवायला निघाले होते. ताप उतरला, हारही राहिला."

वरून कालकंठाचा आवाज आला. "विळा तापवा! लाल होऊ द्या! अंगठा तोडल्याशिवाय विष थांबायचं नाही!"

राजा कण्हला. बोधिसत्त्वाने राणीकडे पाहिले.

"एक अंगठाच ना," राणी म्हणाली. पण तिचा स्वर थोडा डळमळला. "नऊ बोटं उरतील की."

 बोधिसत्त्वाला गप्प राहायचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पलीकडे एक निरपराध माणूस कोटात दिवस काढीत होता. इथे नुसते तोंड मिटून पडून राहिले तर तो सुटणार होता, गायरान सुटणार होते, आणि खोटा एक शब्दही बोलावा लागणार नव्हता. इतके स्वस्त पुण्य पुन्हा मिळाले नसते. पण वर नवार थरथरत होती. राजा भीतीने कापत होता. मण्यार खोटी असली तरी ती भीती पूर्ण खरी होती, आणि ती क्षणोक्षणी वाढत होती. ज्या माणसाला एका शब्दाने त्यातून बाहेर काढता येते, त्याला आपल्या सोयीसाठी त्यात ठेवायचे, हे बोधिसत्त्वाला जमेना.

"राणीसाहेब, मला क्षमा करा," तो म्हणाला, आणि केसांत जळमटे घेऊन पलंगाखालून बाहेर आला.

"महाराज, उठून बसा. साप बिनविषारी आहे. तो कवड्या आहे. आपण मरत नाही."

मंत्र अर्ध्यावरच थांबला. विळा घेऊन आलेला सेवक दारातच थांबला. राजाने एक डोळा उघडला.

"मरत नाही?"

"नाही महाराज. अंगठा धुवा, एवढंच करायचं आहे."

राजा उठून बसला. त्याच्या तोंडावर आधी सुटका दिसली, मग तिथे हळूहळू दुसरेच काहीतरी जमू लागले. "कवड्या? म्हणजे तो, पाली खाणारा?"

"तोच. आत्ताही खातो आहे."

"माझे पणजोबा वाघाशी झुंजताना गेले," राजा म्हणाला. "आजोबा रणात पडले. आणि मी सगळ्या वाड्यासमोर निरोप घेतला, तो पाली खाणाऱ्यामुळे?"

कालकंठाला संधी दिसली. "महाराज, होती ती मण्यारच! माझ्या मंत्राने तिचं विष उतरलं. अमात्यांना आता काय दिसणार? अर्ध्या राज्याचं मात्र..."

राजाने आशेने त्याच्याकडे पाहिले. मण्यार चावून वाचलेला राजा होणे त्याला केव्हाही बरे वाटले असते. बोधिसत्त्वाने काही वाद घातला नाही. तो पुन्हा पलंगाखाली गेला आणि सापाला अलगद हातात घेऊन आला. या गडबडीत पाल सुटली, पळाली, आणि तिची तुटलेली शेपटी वळवळत जमिनीवर पडली. ती पाहून दोन दासी मंचावर चढल्या. सापाने, आपले जेवण कोणी हिरावले हे ओळखून, बोधिसत्त्वाच्या हाताला कडकडून चावा घेतला. लांडग्यासारखे पुढचे दात असतात त्याला. रक्ताचे थेंब आले.

बोधिसत्त्वाने हात सर्वांना दाखवला. "याच्या चाव्याने एवढंच होतं. मी आता इथेच बसतो. मला काय होतं ते सगळ्यांनी बघा."

"मंत्राचा प्रभाव अजून दालनात आहे," कालकंठ घाईने म्हणाला. "अमात्य त्यामुळेच वाचतील."

"मग तुम्हालाही भीती नाही," बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने साप पुढे केला. "घ्या."

कालकंठ मागे सरला. आणखी मागे सरला. पाठ खांबाला लागल्यावर त्याने खांबाला मिठी मारली, आणि एवढा भरदार माणूस असूनही तो बराच वर गेला. "महाराज," तो वरून म्हणाला, "खरं सांगतो, माझं लक्ष नेहमी मंत्रात असतं. साप बघायला मला कधी सवडच झाली नाही."

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळे हसले. राजा मात्र हसला नाही. आपल्यालाच हसत आहेत असे त्याला वाटले, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"गायरानाचं कुंपण आहे तिथे राहील," तो गरजला. "आणि दुसरा स्वार पाठवा! पहिल्याला परत आणा! मरणाच्या भीतीने बोललेला शब्द तो काय शब्द असतो?"

दुसरा स्वार गेला. राणी इरावतीने बोधिसत्त्वाकडे अशा नजरेने पाहिले की सापाचा चावा त्यापुढे काहीच नव्हता. बोधिसत्त्वाने मान खाली घातली. साप त्याच्या ओंजळीत वेटोळे घालून, डोके आत खुपसून, जगाशी आपला संबंध नाही असा बसला होता. खरे सांगून आपण चित्रसेनाला पुन्हा कोटात लोटले, हे बोधिसत्त्वाला दिसत होते. तरी तो एवढेच म्हणाला, "महाराज, आपण घाबरला होता हे खरं. पण भाऊ आठवला, त्यात भीतीचा काय संबंध? साप पाहून मला तर भाऊ आठवत नाही."

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावले वाजली. दार ढकलून चित्रसेन आत आला. नखशिखांत भिजलेला, केसांत शेवाळ, एका पायात वहाण. कोट उघडल्यावर तो नावेसाठी थांबलाच नव्हता. त्याने गोदावरीत उडी घेतली होती आणि पोहत आला होता. अलीकडच्या काठावर दुसरा स्वार हात हलवून काहीतरी ओरडत होता, पण कानात पाणी गेलेल्या माणसाला ते कसे कळणार?

"दादा!"

त्याने कोणाकडे पाहिले नाही. पलंगापाशी गुडघ्यांवर आदळला, राजाचा रक्ताळलेला अंगठा पाहिला, आणि कोणी काही म्हणायच्या आत तो तोंडात धरून विष ओढू लागला.

"अरे! अरे, सोड!" राजा ओरडला. त्याला पायाच्या अंगठ्याला लहानपणापासून विलक्षण गुदगुल्या होत, आणि हे जगात एकट्या चित्रसेनाला माहीत होते. पण आता त्याला ते आठवत नव्हते. तो ओढायचा, थुंकायचा आणि पुन्हा ओढायचा. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"चित्र्या, सोड! तो कवड्या... हा हा... कवड्या होता रे!"

चित्रसेन थांबला. "काय?"

"मण्यार नव्हती. मला काही झालेलं नाही."

चित्रसेनाने बोधिसत्त्वाकडे पाहिले. बोधिसत्त्वाने मान हलवली आणि हातातला साप दाखवला. चित्रसेन मटकन जमिनीवर बसला. "मग आधी सांगायचं नाही का," तो म्हणाला, आणि तोंड पुसू लागला.

राजाचे हसू ओसरले.  "आणि मण्यार असती तर?" त्याने विचारले. "विष तुझ्या तोंडात गेलं असतं."

"हो."

"मी तुला कोटात टाकलं होतं."

"ते वेगळं," चित्रसेन म्हणाला. "त्याचा मला रागच आहे. पण तू मरतोयस म्हणाले ना."

 रणंजयाने आपले उत्तरीय काढून भावाच्या ओल्या खांद्यावर टाकले आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसला. दारात धापा टाकत उभ्या राहिलेल्या दुसऱ्या स्वाराला त्याने हातानेच जायला सांगितले. बोधिसत्त्व म्हणणार होता की विष असे तोंडाने ओढून निघत नाही आणि पुन्हा कोणी हा वेडेपणा करू नये. पण राणी इरावतीने त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवले. त्याने ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले.

गायरानाचे कुंपण त्याच आठवड्यात निघाले. कालकंठाला नगराबाहेर घालवावे असे राजाच्या मनात होते. बोधिसत्त्वाने रदबदली केली, "तो लबाड नाही महाराज, त्याने फक्त कधी पाहिलं नाही," आणि कालकंठाला रोज सकाळी आपल्याबरोबर तटाच्या भिंतीपुढे बसवले. पहिले काही दिवस तो शेजारच्या झाडावर बसून बघत असे. पुढे खाली बसू लागला. आणि ज्याला मण्यार चावली आहे त्याला आपण वाचवू शकत नाही, हे ज्या दिवशी त्याला कळले, त्या दिवशी तो फार रडला.

"अर्धं राज्य मी बोललो होतो," राजाने त्याच रात्री बोधिसत्त्वाला एकांतात म्हटले होते. "ते तुमचंच."

"महाराज, मी आपल्याला कशातूनच वाचवलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "आपण मरतच नव्हता. द्यायचंच असेल तर हा साप त्याच्या फटीत परत सोडू द्या. पाली तिथेच आहेत."

"माझ्या दालनात?"

"आपल्या दालनात."

राजाने नाखुशीने होकार दिला. पुढे खूप वर्षे तो खडावा आधी काठीने उलटून मगच पाय घालीत असे. बोधिसत्त्वाच्या सल्ल्याने त्याने दानधर्म केला, भावाच्या मदतीने राज्य केले आणि आयुष्य संपल्यावर तो कर्मानुसार गेला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगून संपवली आणि त्या जन्माचा या जन्माशी धागा जोडून दिला. "भिक्षूंनो, राजा रणंजय म्हणजे आजचा भिक्षू उग्रदत्त, जो सर्दी झाली की आपलं पात्र आणि चीवर वाटून टाकतो आणि बरा झाला की मागायला येतो. राणी इरावती ही आजची उपासिका विशोका. कालकंठ तो भिक्षू घोषक, ज्याचं पठण नदीपलीकडेही ऐकू जातं. कवड्या साप म्हणजे भिक्षू भ्रुकुंड. त्याच्या भुवया पाहून दारातल्या बायका भिक्षा घेऊन आत पळतात, आणि तो मात्र वाटेतल्या मुंगीलाही वळसा घालून जातो. भाऊ चित्रसेन म्हणजे भिक्षू आनंद. आणि पलंगाखाली शिरलेला तो अमात्य मीच होतो." त्या जन्मात बोधिसत्त्वाने जिचा अभ्यास केला, ती सत्याची पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.